नळीत अडकलेला गर्भ

मंडळी, आजचा धडा जरा अवघड विषयाचा आहे. विषय बायकांच्या दुखण्याचा आहे. पुष्कळ पुरुष म्हणतील, "गुरुजी, हे आम्हाला कशाला सांगता? हे आशाताईनं नि सिस्टरबाईनं बघावं."

पण तसे नाही. या दुखण्यात बाई वाचवायची तर तास मोजावे लागतात. गाडी कोण आणतो? घरचा पुरुष आणतो. "चल दवाखान्यात" असे कोण म्हणते? बहुधा सासू म्हणते. रक्त कोण देतो? भाऊ देतो, दीर देतो, शेजारी देतो. म्हणून हा धडा बायांनी वाचावा आणि पुरुषांनीही वाचावा. लाज थोडा वेळ बाजूला ठेवावी. लाजेपायी जीव जाऊ नये.

मी काही डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत शिकवले. जाणत्या डॉक्टरांच्या लिहिण्यातून आणि बोलण्यातून जे समजले, ते सोपे करून सांगतो.

या दुखण्याला डॉक्टर लोक 'एक्टोपिक' म्हणतात. म्हणजे गर्भ आपली जागा सोडून भलत्याच जागी रुजणे. आपण त्याला 'नळीतला गर्भ' म्हणू.

गर्भ कोठे रुजतो?

बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते. दिवस गेलेले नसतात तेव्हा ती मुठीपेक्षाही लहान असते. पिशवीच्या दोन्ही अंगांना एकेक नळी असते. नळीची लांबी साधारण अर्ध्या वितीएवढी. आतली वाट फारच बारीक. काही ठिकाणी तर जाड दोरा जेमतेम जाईल एवढीच.

नळीच्या टोकाशी बीजकोश असतो. त्यातून दर महिन्याला एक बीज सुटते. ते नळीत येते. तेथेच पुरुषबीजाशी त्याची गाठ पडते आणि गर्भ तयार होतो. म्हणजे प्रत्येक गर्भाची सुरुवात नळीतच होते, बरे का! मग तो चार-पाच दिवसांत सरकत सरकत पिशवीत उतरतो आणि तेथे रुजतो.

त्याला सरकवते कोण? नळीच्या आत अगदी बारीक लव असते. ज्वारीच्या रानावरून वारा गेला म्हणजे ताटे कशी एका अंगाला लवत जातात, तशी ही लव हलते आणि गर्भाला पुढे ढकलते.

नळी आतून खराब झालेली असली, कुठे चिकटलेली असली, तर गर्भ वाटेतच अडतो आणि तेथेच रुजतो. शंभर गरोदर बायांत एक-दोघींना असे होते. अशा शंभर बायांपैकी पंचाण्णव जणींचा गर्भ नळीतच असतो. बाकीच्यांचा बीजकोशावर किंवा दुसऱ्या एखाद्या जागी असतो.

नळी का फुटते?

पिशवी ताणली जाते. नऊ महिन्यांचे लेकरू तिच्यात मावते. नळी तशी ताणत नाही. गर्भ वाढतो आणि नळी तटतटते. शेवटची पाळी आली त्या दिवसापासून मोजले, तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दुखायला लागते. कधी थोडे आधी, कधी थोडे उशिरा. मग एके दिवशी नळी फुटते.

फुटली की रक्त वाहते. पण ते बाहेर दिसत नाही. पोटातल्या पोटात साठते. रांजणाला बुडाशी चीर गेली तर पाणी जमिनीत मुरते. वरून रांजण कोरडाच दिसतो. आत पाहावे तर रिकामा! तसेच हे आहे. आपल्याकडच्या बाईच्या अंगात सारे मिळून तीन ते चार लिटर रक्त असते. त्यातले लिटर-दीड लिटर पोटात गेले, की नाडी जलद होते, अंग गार पडते, बाई कोसळते. ज्या बाईला आधीच रक्त कमी आहे, ती त्याहूनही लवकर कोसळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही घरांत विचारतात, "लेकरू वाचंल का?" नळीतला गर्भ वाचत नाही. तो उचलून पिशवीत लावण्याची विद्या जगात कोठेही नाही. म्हणून आई की लेकरू, असा प्रश्नच येथे नाही. गर्भ जाणारच असतो. आई वाचवणे मात्र आपल्या हातात असते.

हे कुणाला होते?

कुणालाही होऊ शकते. निम्म्या बायांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. म्हणून "तिनं काही तरी केलं असंल" असे बोलू नये.

तरी काही बायांना धोका जास्त असतो. पिशवीला आणि नळ्यांना पूर्वी कधी जंतुदोष झाला असेल, तर नळी आतून खरडली जाते. अंगावरून घाण वासाचे पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, ताप येणे ही त्या जंतुदोषाची लक्षणे. क्षयरोग नुसता छातीचा नसतो. तो नळ्यांनाही होतो. ज्या बाईला आधी एकदा नळीतला गर्भ झाला, तिला पुन्हा होण्याची भीती असते. विडी ओढणाऱ्या बाईला धोका वाढतो.

आपल्या बाया हे दुखणे अंगावर काढतात. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली. १९८९ साली तिचा निकाल 'लॅन्सेट' नावाच्या विलायतेतल्या वैद्यकाच्या साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना पिशवीचा, पाळीचा किंवा तशाच भागाचा काही ना काही आजार निघाला. आणि पूर्वी कधी अशी तपासणी करून घेतलेल्या बाया शंभरात फक्त ८! बाकीच्या मुकाट्याने सोसत होत्या. साऱ्या जगाला या आकड्यांचे नवल वाटले. आपल्या बायांना वाटले नसते. त्यांना ते ठाऊकच होते.

"माझं तर ऑपरेशन झालंय!"

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बाईला सहसा दिवस जात नाहीत. पण क्वचित एखादीची बांधलेली नळी पुन्हा थोडी जुळते. तेवढ्या फटीतून बीज जाते, पण गर्भ परत येत नाही, नळीतच अडकतो. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेले, तर ते नळीत असण्याची भीती फार मोठी असते. तांबी बसवलेल्या बाईचेही तसेच. तांबीमुळे हे दुखणे होते असे नाही. तांबीने दिवस जाणेच कमी होते. पण तांबी असूनही दिवस गेले, तर ते कोठे गेले हे पाहायलाच हवे.

अशी बाई चक्कर येऊन पडली तर घरचे म्हणतात, "तिचं तर ऑपरेशन झालंय. दिवस कसे जातील?" आणि तेथेच वेळ जातो. डॉक्टरांना सगळे खरे सांगा. ऑपरेशन झालेले असले तरी लघवी तपासा.

ओळखायच्या खुणा

पहिल्या तीन खुणा अशा:

एक — महिना चुकलेला असतो, किंवा पाळी पुढेमागे झालेली असते.

दोन — ओटीपोटात दुखते. पुष्कळदा एकाच अंगाला दुखते.

तीन — अंगावरून थोडे थोडे काळपट रक्त जाते.

तिन्ही खुणा एकदम दिसतीलच असे नाही. एखादीला दुखण्याशिवाय दुसरे काहीच नसते.

नळी फुटल्यावरच्या खुणा याहून भारी असतात. पोटात एकाएकी जोराची कळ येते. उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. घाम फुटतो. हातपाय गार पडतात. ओठ, जीभ, नखे पांढरी फटक दिसतात. आणखी एक नवलाची खूण आहे. कधी कधी खांद्याच्या टोकाला कळ येते. खांद्याला मार लागलेला नसतो, तरी दुखतो. कारण पोटातले रक्त छातीखालच्या पडद्याला लागते. त्या पडद्याची नस मानेतून आलेली असते. खांद्याकडची नसही तेथूनच निघते. म्हणून दुखणे पोटात आणि कळ खांद्यात!

हे दुखणे फसवते. रक्त गेले की बाईला वाटते, उशिरा पाळी आली. उलटी-जुलाब झाले की घरच्यांना वाटते, अजीर्ण झाले. चक्कर आली की कुणी म्हणते, बाहेरचे झाले असेल. नवस करायचा असेल तर करा. माहूरगडावर रेणुकामाता आहे, अनसूयामाता आहे. बाई घरी आली की खुशाल ओटी भरा. पण आधी गाडी दवाखान्याकडे निघू द्या.

लघवीची तपासणी

पाळी येण्याच्या वयातल्या बाईचे ओटीपोट दुखत असेल किंवा तिला चक्कर येत असेल, तर पहिले काम लघवी तपासण्याचे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. त्यासाठी लहानशी पट्टी मिळते. सरकारने आशाताईंकडे 'निश्चय' नावाची पट्टी दिली आहे. लघवीचे थेंब टाकले की रेघ उमटते. एक रेघ उमटली तर बहुधा दिवस नाहीत. दोन रेघा उमटल्या तर दिवस आहेत.

पण पट्टी एवढेच सांगते की दिवस आहेत. ते पिशवीत आहेत की नळीत, हे पट्टीला कळत नाही. ते कळायला सोनोग्राफी लागते. दोन रेघा आणि वर पोटदुखी, असे असेल तर घरी बसू नये.

सोनोग्राफीबद्दल एक गैरसमज आहे. १९९४ च्या कायद्याने मुलगा की मुलगी हे पाहायला बंदी आहे. गर्भ कोणत्या जागी आहे हे पाहायला बंदी नाही. म्हणून संकोच करू नका.

गोळ्या आणून खाऊ नका

हल्ली गर्भ पाडायच्या गोळ्या बाया दुकानातून गुपचूप आणवतात. कुणाला कळू नये म्हणून तपासणीही करत नाहीत. या गोळ्या पिशवीतला गर्भ पाडतात. नळीतल्या गर्भाला त्या पाडू शकत नाहीत. होते काय? गोळी घेतली की पिशवीतून थोडे रक्त जाते. बाईला वाटते, झाले, सुटले. पोट दुखते तेही गोळीमुळेच असे वाटते. आणि तिकडे नळीतला गर्भ वाढतच असतो. म्हणून गर्भ ठेवायचा नसला, तरी आधी दवाखान्यात जावे. कायद्यात बसणारा गर्भपात सरकारी दवाखान्यात होतो आणि बाईची गोष्ट कुणाला सांगितली जात नाही. तो तिचा हक्क आहे.

वाटेतले काम

आपल्या माहूर तालुक्याचा मुलूख डोंगराचा आहे. तांडे आहेत, गुडे आहेत, दूरदूरच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात ओढे भरतात. माहूरला ग्रामीण रुग्णालय आहे. किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. किनवटला डॉ. अशोक बेलखोडे यांचे साने गुरुजी रुग्णालय आहे. मोठे सरकारी दवाखाने म्हणाल तर नांदेडला विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि तिकडे यवतमाळचे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय. नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. यवतमाळ त्यापेक्षा जवळ. जिल्हा कोणता हे पाहू नका. जेथे लवकर पोचता येईल आणि काम होईल, तेथे जा.

काम होईल म्हणजे काय? तीन गोष्टी हव्यात. ऑपरेशन करणारा डॉक्टर हवा, भूल देणारा डॉक्टर हवा आणि रक्ताची सोय हवी. म्हणून निघण्यापूर्वी किंवा निघता निघता फोन करून विचारा, "डॉक्टर आहेत का? रक्त आहे का?" नाही तर एका दाराहून दुसऱ्या दारी फिरण्यातच बाईचा जीव जातो.

१०८ नंबरला फोन लावला की रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही सोय २०१४ साली सुरू झाली. पैसे लागत नाहीत. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या जीपने निघा. १ जून २०११ पासून देशात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. त्यात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला औषधपाणी, रक्त आणि ने-आण मोफत आहे. म्हणून पैशासाठी सावकाराच्या दारी थांबू नका.

वाटेत एवढे पाळा. बाईला आडवी निजवा. पायांखाली उशी किंवा गाठोडे द्या. पांघरूण घाला. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण पुढे भूल द्यायची असते. पोट चोळू नका, शेकू नका. आधीचे कागद बरोबर घ्या. आणि धडधाकट दोन-तीन माणसे रक्तासाठी बरोबर घ्या.

लहान दवाखान्यात काय होऊ शकते?

लोकांना वाटते, मोठी यंत्रे नाहीत म्हणजे काहीच होणार नाही. हे खरे नाही. हे दुखणे असे आहे, की थोड्या साधनांतही चांगला डॉक्टर बाईला वाचवू शकतो.

डॉक्टर आधी नाडी पाहतो, रक्तदाब पाहतो, लघवी तपासतो. दोन्ही हातांना जाड सुईने सलाईन लावतो. रक्त किती आहे आणि कोणत्या गटाचे आहे ते पाहायला पाठवतो. बाई ठीक असेल तर सोनोग्राफी करावी. पण बाई पांढरी पडली आहे, नाडी पळते आहे, लघवीत दिवस दिसले आहेत, तर सोनोग्राफीसाठी तिला दुसऱ्या गावी पाठवत बसू नये. तेवढ्यात फार रक्त जाते.

अशा वेळी जुनी, स्वस्त तपासणी कामाला येते. डॉक्टर स्वच्छ सुई पोटात किंवा पिशवीच्या मागच्या खळग्यात घालून पाहतो. सुईत रक्त आले आणि ते काचेवर ठेवूनही गोठले नाही, तर समजावे की आत रक्त साठले आहे. ताजे रक्त बाहेर आले की गोठते. हे आतल्या आत गोठून पुन्हा पातळ झालेले असते, म्हणून दुसऱ्यांदा गोठत नाही. सुईत काही आले नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

मग ऑपरेशन. एकेकाळी असल्या बायांना डॉक्टर नुसते पाहत बसत. पोट उघडायची हिंमत होत नसे. १८८३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी लॉसन टेट नावाच्या डॉक्टरने हिंमत केली. पहिली बाई दगावली. तो खचला नाही. आपले कोठे चुकले याचा त्याने विचार केला. पुढच्या बाईच्या वेळी त्याने पोट उघडताच आधी रक्त वाहणारी जागा बांधून टाकली. ती बाई जगली. त्याच्या हातून पुढे अशा कितीतरी बाया वाचल्या.

आजही काम तेच आहे. ओटीपोटावर छेद घ्यायचा. फुटलेली नळी शोधायची. तिच्या मुळाशी चिमटा लावायचा. रक्त तत्काळ थांबते. फुटलेल्या पाटाला तोंडाशी बंद घातला की पाणी थांबते, तसेच. मग ती नळी काढून टाके घालायचे. शहरात दुर्बिणीने हे ऑपरेशन होते. ते चांगलेच. पण दुर्बीण नाही म्हणून थांबायचे नसते. कोसळलेल्या बाईला साध्या छेदानेच लवकर वाचवता येते.

भुलेचीही अडचण असते. रक्त गेलेल्या बाईला पाठीतली भूल धोक्याची, कारण तिने रक्तदाब आणखी उतरतो. लहान दवाखान्यात केटामाइन नावाचे औषध उपयोगी पडते. ते १९६२ साली तयार झाले. किमतीने स्वस्त. त्याने बाई गाढ झोपते, तिचा श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब सहसा पडत नाही.

पोटातले रक्त पुन्हा अंगात

आता सर्वात नवलाची गोष्ट ऐका. बाईच्या पोटात लिटरभर रक्त साठलेले आहे आणि रक्तपेढी दूर आहे. मग ते रक्त फेकून का द्यायचे? १९१४ साली जर्मनीत थीस नावाच्या डॉक्टरने हेच रक्त पुन्हा बाईच्या शिरेत भरले. पुढे आफ्रिकेतल्या लहान लहान दवाखान्यांनी ही रीत पुष्कळ वापरली, कारण तेथेही रक्ताची टंचाई होती.

रीत अशी. पोट उघडले की ताजे रक्त निर्जंतुक वाटीने उचलायचे. निर्जंतुक जाळीच्या कापडाचे अनेक पदर करून त्यातून गाळायचे, म्हणजे गाठी वर राहतात. ते गोठू नये म्हणून ठरलेले औषध घालायचे. मग पिशवीत भरून बाईलाच द्यायचे. तिचेच रक्त, म्हणून गट जुळवायचा प्रश्न नाही. दुसऱ्याचा रोग येण्याची भीती नाही. मात्र रक्त शिळे असेल, घाण वास येत असेल किंवा आतडे फुटून घाण मिसळली असेल, तर ते वापरत नाहीत. हे ठरवणे डॉक्टरांचे काम. आपण हे अशासाठी जाणावे, की डॉक्टर असे काही सांगू लागले तर घाबरून नकार देऊ नये.

तरी दुसऱ्याचे रक्त पुष्कळदा लागतेच. आपल्या देशात माणसाच्या हातातून काढून थेट रुग्णाला रक्त द्यायला परवानगी नाही. रक्तपेढीत एड्स, दोन प्रकारची कावीळ, गरमी आणि हिवताप यांची तपासणी होऊनच ते मिळते. हा नियम चांगल्यासाठीच आहे. पण त्याचा अर्थ असा, की रक्त आधीच साठवलेले हवे. २००१ सालच्या नियमाने लहान दवाखान्यालाही मोठ्या पेढीचे रक्त आणून शीतपेटीत साठवता येते. पण पेटीत रक्त येणार कोठून? ते झाडाला लागत नाही. ते तुमच्या-आमच्या अंगातूनच येते.

अठरा वर्षांवरचा, पंचेचाळीस किलोच्या वरचा धडधाकट माणूस रक्त देऊ शकतो. एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. नांगर धरायची ताकद कमी होत नाही. गावात शिबिर भरले तर घराआड लपू नका.

औषधाने बरे होते का?

होते, पण सर्वांचे नाही. नळी फुटलेली नाही, बाई धडधाकट आहे, गर्भ अगदी लहान आहे, असे असेल तर मेथोट्रेक्सेट नावाचे इंजेक्शन देतात. गर्भ वाढायचा थांबतो आणि हळूहळू जिरतो. नळी वाचते, ऑपरेशन टळते.

या औषधाच्या मुळाशी आपल्या देशाचे नाव आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया रक्त कमी होऊन का मरतात, याचा तिने शोध घेतला. त्यांच्या खाण्यात एक जीवनसत्त्व कमी पडते हे तिच्या ध्यानात आले. तेच आजचे फॉलिक ॲसिड. पुढे यल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू शास्त्रज्ञाने अमेरिकेत आपल्या सोबत्यांसह ते जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. आणि त्याच्या उलट काम करणारे औषधही केले, तेच मेथोट्रेक्सेट. गर्भाला वाढायला फॉलिक ॲसिड लागते. हे औषध त्याचे काम अडवते. म्हणून हे इंजेक्शन घेतलेल्या बाईने लोह-फॉलिकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर बंद ठेवायच्या असतात.

औषध महाग नाही. अडचण दुसरीच आहे. इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. औषध लागू पडले नाही तर मध्येच नळी फुटू शकते. ज्या बाईचा तांडा दूर आहे, गाडी नाही, फोन लागत नाही, तिला हे औषध देऊन घरी पाठवणे धोक्याचे. तिच्यासाठी ऑपरेशन करून मोकळे होणे बरे. म्हणून डॉक्टर विचारतात, "घर किती लांब? परत यायला जमेल का?" तेव्हा खरे सांगा. "जमेल" असे भिडेने म्हणू नका.

पुढचे दिवस

ऑपरेशन झाले म्हणजे सगळे संपले असे नाही. बाईचे रक्त भरून यायला महिने लागतात. तिला सकस खाऊ घाला. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या द्या. लगेच निंदणी-वेचणीला जुंपू नका. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तीन दिवसांच्या आत एक खास इंजेक्शन लागते, ते विचारा.

घरचे हळू आवाजात विचारतात, "आता लेकरू होईल का?" एक नळी गेली तरी दुसरी असते. पुष्कळ बायांना पुढे चांगले दिवस जातात आणि लेकरे होतात. मात्र दहांतल्या एखादीला पुन्हा नळीतच गर्भ राहतो. म्हणून पुढच्या वेळी महिना चुकला की लगेच तपासणी आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी. मेथोट्रेक्सेट घेतले असेल तर निदान तीन महिने दिवस जाऊ देऊ नयेत.

आणि एक सांगतो. त्या बाईला "वांझ" म्हणू नका. दुसऱ्या सोयरिकीची भाषा काढू नका. तिचे लेकरू गेले आहे आणि ती मरणाच्या दारातून परत आली आहे. तिला दोन गोड शब्द हवेत.

गावाने काय करावे?

प्रत्येक घराने आशाताईचा आणि १०८ चा नंबर भिंतीवर लिहावा. तुम्हाला आता लिहिता येते, तेव्हा हे काम तुमचेच. गावात कुणाकडे गाडी आहे, रात्री कोण चालवील, हे आधी ठरवावे. रक्त देणाऱ्यांची नावे आणि रक्तगट यांची यादी करून ग्रामपंचायतीत लावावी. महिना चुकला की बाईने ती गोष्ट कुणाला तरी सांगावी. नवऱ्याला सांगावी, नाही तर सासूला सांगावी, नाही तर आशाताईला सांगावी. एकटीने पोटात ठेवू नये.

धडा वाचून झाला. आता एकमेकांना विचारा :

१. नळीतला गर्भ वाढला तर नळी का फुटते?

२. ऑपरेशन झालेल्या बाईला चक्कर आली तर काय तपासावे?

३. गर्भ पाडायच्या गोळ्या तपासणीशिवाय का घेऊ नयेत?

४. दवाखान्यात निघण्यापूर्वी फोनवर कोणत्या गोष्टी विचाराव्यात?

५. तुमचा रक्तगट कोणता? ठाऊक नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या आणि या पानावर लिहून ठेवा.